माफी मौज

आखाती युद्धाच्या दिवसांत सौदीतलं अख्खं दम्माम क्षेपणास्त्रांना घाबरत होतं, तेव्हा मी टेलिफोनला घाबरत होतो.

साध्या टेलिफोनला नव्हे. वायरीने भिंतीला बांधलेला टेलिफोन हा गरीब प्राणी, तो जागचा हलत नाही. मी घाबरत होतो कॉर्डलेसला. त्याचा एक ठोकळा भिंतीजवळ बसायचा आणि बोलायचा भाग अँटेना वर काढून घरभर फिरायचा. मध्ये वायर नाही. मग आवाज येतो कुठून? हवेतून. म्हणजे माझ्या, माझ्या बायकोच्या आणि आमच्या दहा वर्षांच्या शबानाच्या डोक्यातून आरपार! हा शोध मला लागला आणि माझं सुख संपलं.

तो फोन घरात आणला होता मीच. ऑगस्टमध्ये शेजारच्या कुवेतवर रणगाडे चढले आणि दम्मामातल्या बऱ्याच परदेशी मंडळींना एकाएकी आपापल्या गावाची ओढ लागली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या हैदराबादी इंजिनियरसाहेबांनी आठ दिवसांत बिऱ्हाड मोडलं. जाणाऱ्याचं सामान स्वस्तात मिळतं, आणि स्वस्त वस्तू दिसली की तिच्यावाचून आपलं आजवर अडत होतं असं मला वाटू लागतं. एका संध्याकाळी वर जाऊन मी दोन वस्तू खाली घेऊन आलो. एक हा कॉर्डलेस आणि दुसरा एक जाडजूड, हिरवागार गालिचा. (इतका हिरवा, की शबानाने पहिल्याच दिवशी त्यावर क्रिकेटची खेळपट्टी आखली.) नजमाला, म्हणजे माझ्या बायकोला, दोन्ही नको होत्या. आपला जुना फोन काय वाईट आहे, असं तिने विचारलं. मी जुना फोन त्याच दिवशी कंपनीच्या ड्रायव्हरला देऊन टाकला, म्हणजे वादच नको.

मी तेव्हा एसीच्या सुट्या भागांच्या एका गोदामात स्टोअरकीपर होतो. आम्ही मूळचे दापोलीकडचे. घरात आमची कोकणी बोली, बाजारात हिंदी, अरबांशी मोडकीतोडकी अरबी आणि शबाना आम्हाला उत्तरं द्यायची ती तिच्या शाळेतल्या इंग्रजीत. एका घरात इतक्या भाषा असल्या की भांडण कुठल्या भाषेत करायचं हेच ठरेना, म्हणून आमच्याकडे भांडणं कमी होत.

डिसेंबरात उत्तरेकडून कोरडा गार वारा सुटला, घरात हीटर लागला आणि मला करंट बसू लागले. दाराच्या कडीला हात लावला की चटका. कपाटाला लावला की चटका. नजमाच्या हाताला हात लागला की दोघांनाही चटका. (लग्नाला बारा वर्षं झाल्यावर असं काही होतंय ही आनंदाची गोष्ट आहे, असं मला आधी वाटलं.) मग डोकं जड राहू लागलं, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, झोप उडाली. अशात आमच्या ऑफिसातल्या मल्याळी टायपिस्टने मला कुठल्याशा मासिकातल्या लेखाची झेरॉक्स दिली. बिनतारी लहरी शरीराला बाधतात आणि काही माणसांना वीजच सोसत नाही, असं काहीतरी त्यात होतं. झेरॉक्स निम्मी काळी आली होती. जेवढं वाचता आलं तेवढं मी वाचलं आणि उरलेलं स्वतः भरून काढलं. माझा आजार मला सापडला. वीज मला मानवत नव्हती!

खोटं कशाला बोलू, आजाराला नाव मिळाल्यावर मला फार बरं वाटलं. आणि एकदा आपल्याला कळलं म्हटल्यावर दुसऱ्यांना न सांगणं माझ्या स्वभावात नाही. मी सांगू लागलो. शुक्रवारच्या नमाजनंतर सांगितलं, गोदामात सांगितलं, न्हाव्याच्या खुर्चीत बसून त्याच्या इलेक्ट्रिक मशीनकडे बोट दाखवत सांगितलं. (त्या महिन्यात माझे केस कात्रीने कापले गेले आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं.) दम्मामातच राहणाऱ्या खेडच्या एका दोस्ताकडे दावत होती. तिथे माझी पाठ फ्रीजला लागून होती, तेव्हा मी यजमानांना विनंती करून फ्रीज बंद करायला लावला. बोलण्याच्या ओघात तो पुन्हा चालू करायचा राहिला. जेवणानंतर सगळ्यांनी आइस्क्रीम पेल्यातून प्यायलं. त्यानंतर आम्हाला दावतीची बोलावणी यायची थांबली. नजमा म्हणाली, लढाईमुळे लोक दावती करत नसतील. ती मोठ्या मनाची बाई आहे.

घरात मी सुधारणा सुरू केल्या. दारावरच्या बेलची वायर काढून टाकली. टीव्ही बाल्कनीत नेऊन ठेवला आणि आम्ही आतून, काचेतून तो बघू लागलो. स्फोटाने काच फुटून उडू नये म्हणून काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या होत्या. त्यामुळे बातम्या देणाऱ्या माणसाच्या तोंडावर कायम फुली असायची आणि आवाज तर यायचाच नाही. शबाना त्याच्या ओठांवरून बातम्या ओळखायची. "अब्बा, ही इज सेइंग समथिंग बॅड," एवढंच ती रोज सांगायची, आणि रोज ते बरोबर असायचं.

कॉर्डलेसही मी बाहेर काढणार होतो, पण तिथे नजमा आडवी आली. आणि तिचं कारण असं होतं की माझंही तोंड बंद झालं.

नजमाचा धाकटा भाऊ रफीक खफजीला इलेक्ट्रिशियन होता. खफजी म्हणजे कुवेतच्या हद्दीला चिकटलेलं गाव, समुद्रातल्या तेलाचं. तो कंपनीच्या कॅम्पमध्ये राहायचा. दर गुरुवारी तो फोन करायचा, अर्धा वेळ आपाशी, म्हणजे नजमाशी, बोलायचा आणि अर्धा वेळ भाचीशी. लढाई पेटली त्याच दिवशी खफजीवर तोफा पडल्या, आणि माणसांना बसमध्ये घालून दक्षिणेकडे हलवलं, एवढंच आम्हाला कळलं. कुठे हलवलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कॅम्पचा नंबर लावला तर नुसती शांतता. आई गेल्यावर नजमानेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. ती दोन दिवस जेवली नाही.

"त्याचा फोन येल," ती म्हणाली. "ह्या घरातना फोन हलवायचा नाय."

मी फोन हलवला नाही. मी फक्त तो डब्यात घातला.

यात माझ्या मते दोन्ही बाजू राखल्या जात होत्या. दूध पावडरीचा पाच पौंडी पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा. लहरी पत्र्यातून जात नाहीत हे त्या झेरॉक्समधल्या वाचता आलेल्या भागात होतं. ठोकळा भिंतीजवळ, घंटी असलेला बोलायचा भाग डब्यात. घंटी वाजली की डब्यातून ऐकू येणार, झाकण काढायचं, बोलायचं, पुन्हा झाकण. शबाना कपाळाला आठ्या घालून डब्याकडे बघत होती.

"बट अब्बा, इफ द वेव्ह्ज कान्ट गो इन, देन हाऊ विल द बेल..."

मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये, हे मी तिला सांगितलं. हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा वापरलं आहे, पण इतक्या चुकीच्या जागी कधीच नाही.

पाच दिवस नजमा तो डबा मांडीवर घेऊन बसली. भाजी चिरताना डबा शेजारी. नमाजला उभी राहिली की डबा मुसल्याच्या चटईच्या कडेला. सायरन झाला की आम्ही, विषारी वायू आत येऊ नये म्हणून फटींना पट्ट्या लावून बंद केलेल्या हॉलमध्ये, त्याच हिरव्या गालिच्यावर, तोंडाला मास्क लावून बसायचो. शेजारची दोन बिऱ्हाडंही तिथेच यायची, कारण सगळ्यात चांगल्या पट्ट्या माझ्या हॉलला होत्या. मास्क लावलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी माझा मास्क जरासा वर करून त्यांना बिनतारी लहरींबद्दल समजावून सांगायचो. सायरन संपायच्या आधीच घरी जाऊ लागलेले शेजारी जगाच्या इतिहासात तेच पहिले असावेत. नजमा मात्र कोपऱ्यात डब्याला कान लावून बसलेली असायची. मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

आता अबू फहदबद्दल सांगायला हवं. हे आमचे घरमालक, तळमजल्यावर राहणारे, सत्तरीचे, गुडघ्यांनी बेजार, मनाने सोन्यासारखे. त्यांनी लढाईच्या बातम्या ऐकण्यासाठी गच्चीवर एक नवी अँटेना बसवून घेतली, नेमकी माझ्या झोपायच्या खोलीच्या वर. मी ताबडतोब खाली गेलो.

इथे एक सांगून ठेवतो. सौदीत आलेल्या प्रत्येक मराठी माणसाची पहिल्या आठवड्यात एक फसगत होते. इथल्या बोलीत 'माफी' म्हणजे 'नाही', 'शिल्लक नाही'. दुकानदार "माफी" म्हणाला की आपल्याला वाटतं, काय हा विनय! प्रत्यक्षात तो अंडी संपली म्हणून सांगत असतो. मी पहिल्या आठवड्यात एकाच दुकानदाराला तीन वेळा माफ केलं होतं.

तर अबू फहदनी खजूर पुढे केले, कावा, म्हणजे त्यांची कडू कॉफी, ओतला आणि मी माझ्या अरबीत त्यांना माझा आजार सांगू लागलो. माझी अरबी गोदामापुरती. पाइप, पंखा, उद्या ये, पैसे कधी, इतकीच. 'लहर' हा शब्द मला येत नव्हता. मग मी हाताने हवेत लाटा काढल्या. अँटेनाकडे बोट केलं, लाटा काढल्या, डोक्याकडे बोट केलं, लाटा काढल्या.

अबू फहदचा चेहरा उजळला. "आह! मौज!"

मला धक्काच बसला. खफजीवर तोफा पडतायत, माझी बायको डब्याला कान लावून बसलीय आणि हे गृहस्थ मला मौज करतोस म्हणतात? हाताने लाटा काढल्या त्याचा त्यांनी नाचगाणं असा अर्थ घेतला असणार! मी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"माफी मौज!" मी म्हणालो. "फिल बैत माफी मौज! मौज खलास!"

म्हणजे घरात मौज नाही, मौज संपली. अबू फहदनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार कळवळून मान हलवली. मला वाटलं, अखेर कोणीतरी माझं ऐकून घेतलं. खरंच सांगतो, महिनाभर लोक माझ्याकडे बघून विषय बदलत होते. त्या म्हाताऱ्याच्या हातामुळे माझे डोळे भरून आले. मी चार खजूर जास्त खाल्ले.

पुढे मला कळलं की अरबीत 'मौज' म्हणजे लाट. पाण्याची, हवेची, रेडिओची, सगळ्याच लाटांना तो शब्द चालतो. आपण तोच शब्द उचलला आणि त्याचं मजा करणं केलं, ते आपले आपण. अबू फहदनी मला अगदी बरोबर शब्द सुचवला होता. आणि मी त्यांना छातीठोकपणे सांगून आलो होतो की आमच्या घरात लहरी येत नाहीत, पार संपल्या!

त्याचं फळ दुसऱ्याच दिवशी मिळालं. सकाळी दोन कामगार शिडी घेऊन आले आणि त्यांनी माझ्या बाल्कनीत, टीव्हीच्या डोक्यावर, गच्चीवर होती तिच्या दुप्पट अँटेना ठोकली. घरमालकांची भेट! खालून अबू फहद हात हलवत होते. मीही हात हलवला. त्या दिवशी मी जेवणाचं ताट घेऊन मोरीत बसलो, कारण घरातली तीच जागा अँटेनेपासून सर्वात लांब होती.

आता रफीकचं ऐका. हे सगळं त्याने नंतर सांगितलं. खफजीहून त्यांना हलवलं ते थेट रियाधच्या पलीकडे, अल खर्जला. कंपनीचा तिथे दुसरा कॅम्प होता आणि आजूबाजूला नुसत्या दुधाच्या डेअऱ्या. तिथे पोचल्यापासून तो आमच्याकडे फोन लावत होता. रोज रांगेत उभा राहून. त्याच्या बाजूने घंटी व्यवस्थित वाजत होती आणि आमच्या बाजूने कोणी उचलत नव्हतं. चार दिवस! दम्मामकडे क्षेपणास्त्रं येतात हे तो रेडिओवर ऐकत होता. पाचव्या दिवशी त्याला आठवलं की अडीअडचणीला म्हणून आपाने घरमालकांचा नंबर देऊन ठेवलाय. त्याने अबू फहदना फोन लावला. लाइन खरखरत होती. सलीमभाई (म्हणजे मी) कसे आहेत, आपा कशी आहे, ते फोन का उचलत नाहीत, असं त्याने विचारलं.

अबू फहदनी दुःखी आवाजात, त्यांच्या मते, फोन न लागण्याचं कारण सांगितलं.

"फिल बैत माफी मौज. मौज खलास."

रफीकला सौदीत पाच वर्षं झाली होती, पण तो दिवसभर नेपाळ्यांत आणि केरळ्यांत राहणारा माणूस. 'माफी' त्याला येत होतं, 'खलास' येत होतं. 'मौज' त्याला आपलीच वाटली. घरात मौज नाही, मौज संपली. सभ्य अरब माणूस वाईट बातमी याहून हळुवारपणे कशी देणार?

इकडे अबू फहद फोन ठेवून, दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून, मेहुण्याचा फोन होता हे सांगायला आमच्या दाराशी आले. त्यांनी बेल दाबली. बेलची वायर मी काढलेली. ते थांबले, पुन्हा दाबली. आत बाईमाणूस एकटं असेल तर दार बडवणं बरं दिसत नाही, असे ते जुन्या चालीचे. ते आले तसे खाली गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शबाना मोरीच्या दाराशी आली. (मी अजून तिथेच होतो.)

"अब्बा, समबडी इज क्राइंग आउटसाइड."

मी कान दिला. खरंच, दाराबाहेर कोणीतरी हुंदके देत होतं, आणि मध्ये मध्ये मयतीवर म्हणायची दुआ म्हणत होतं. शेजाऱ्यांपैकी कोणी गेलं की काय, या काळजीने मी स्लिपरा घासत हॉलमधून, गालिच्यावरून, दाराकडे गेलो. दार उघडलं.

पायरीवर रफीक बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, मांडीवर दह्याच्या दोन बादल्या. अल खर्जहून दम्मामला दूध आणणाऱ्या गाडीत, ड्रायव्हरच्या पायाशी बसून तो आला होता. बेल दाबून दाबून, कोणी येत नाही म्हणताना, तो तिथेच बसून आमच्यासाठी दुआ मागत होता. त्याने वर पाहिलं. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"दुल्हाभाई," तो हळूच म्हणाला, "तुमी हाव अजून?"

मी आहे, हे पटवण्यासाठी मी हात पुढे केला. त्याने तो धरला. फाट्कन ठिणगी उडाली! रफीक किंचाळून दोन पायऱ्या खाली गेला. माझ्या रूहने, म्हणजे भुतानेच, आपल्याला धरलंय अशी त्याची खात्री झाली. एक बादली कलंडली आणि दही जिन्यावरून शांतपणे खाली निघालं.

आतून नजमाने त्याचा आवाज ऐकला. ती धावत आली, आणि हातातला डबा विसरून तिने त्याला मिठी मारली. दोघं जे रडायला लागले ते थांबेचनात. डबा खाली पडला, झाकण घरंगळत गेलं, फोन बाहेर आला आणि त्याच क्षणी खणखणून वाजू लागला.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. पाच दिवसांत पहिल्यांदा तो वाजत होता. शेवटी शबानाने तो उचलून माझ्या कानाला लावला. अबू फहद होते. रोज एकदा आमचा नंबर लावून बघायचा त्यांनी नेमच धरला होता.

"सलीम!" त्यांचा आवाज आनंदाने थरथरत होता. "अल्हम्दुलिल्लाह! मौज!"

जिन्यात उभा राहून मी एकेक गोष्ट जोडत गेलो. फोन. डबा. पत्रा. शबानाचा अर्धवट तोडलेला प्रश्न. मी नजमाकडे पाहिलं. ती डब्याकडे बघत होती. पाच दिवस कान लावून बसलेल्या त्या डब्याच्या कडेचा वळ अजून तिच्या गालावर होता. तिने झाकण उचलून डब्यावर लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. तोंडाने बोलली असती तर बरं झालं असतं.

रफीक अंगावरचं दही पुसून आत आला, चहा प्यायला आणि मग त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. सगळं, अगदी पहिल्यापासून. करंट, मुंग्या, झेरॉक्स, फ्रीज. एकदाही हसला नाही. इलेक्ट्रिशियन माणूस, विजेबद्दल कोणी काही सांगितलं तर तो कामाच्या गोष्टीसारखं ऐकतो. मग उठला, माझ्या स्लिपरा पायात घातल्या, गालिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय घासत गेला आणि बाल्कनीच्या कडीला बोट लावलं. ठिणगी! शबानाने लगेच तेच केलं. ठिणगी! पाच मिनिटांत ते दोघं मामा-भाची एकमेकांना चटके देत हॉलभर पळत होते.

"नायलॉनचा हाय," रफीक गालिच्याला पायाने दाबत म्हणाला. "सुका वारा, वर हीटर, खाली रबराच्या स्लिपरा. दुल्हाभाई, तुमी खोटा नाय बोललाव. करंट लागतच होता. फक्त तो फोनचा नव्हता."

गालिचाही त्याच संध्याकाळी घरात आला होता, हे मला तेव्हा आठवलं. पण त्याला अँटेना नव्हती!

डोकं जड होण्याचं कारण त्याने विचारलं नाही. त्याने फक्त माझ्या प्रसिद्ध पट्ट्यांकडे बघून, हीटर लावून घर असं कोंडू नका, सायरन नसताना तरी एक खिडकी उघडी ठेवा, एवढंच सुचवलं. ती उघडली. समुद्राकडचा वारा आत आला आणि माझ्या कपाळावरचा दगड उतरू लागला. झेरॉक्सचा राग मी धरला नाही. लहरींचं खरंखोटं जाणकारांनी ठरवावं. मी आजही फोन कानापासून दोन बोटं लांबच धरतो. पण एक गोष्ट मला त्या दिवशी कळली, ती सांगतो. मला भीती वाटत होती ती वरून येणाऱ्या क्षेपणास्त्रांची, आणि रफीक परत न येण्याची. त्या दोन्हींचं मला काहीच करता येत नव्हतं. फोन डब्यात घालता येत होता, म्हणून मी फोनला घाबरत होतो.

रफीक लढाई संपेपर्यंत आमच्याकडेच राहिला. बेलची वायर त्याने पहिल्या तासात जोडली, टीव्ही आत आणला आणि दोन जिन्यांवरचं दही मी धुतलं. गालिचा आम्ही गच्चीवर नेऊन टाकला. तिथे अबू फहद संध्याकाळी त्यावर बसून बातम्या ऐकू लागले. गच्चीवरच्या दमट हवेत तो कोणालाच चटका देत नव्हता, पण मी जाऊन एकदा हाताने खात्री करून घेतली. मग हळूहळू सायरनही कमी झाले, आणि खेडच्या दोस्ताकडून पुन्हा दावतीचं बोलावणं आलं. (मला फ्रीजपासून लांब बसवा, असा निरोप सोबत होता. माझ्यासाठी नव्हे, फ्रीजसाठी.)

पण त्या पहिल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. नजमा सुरमई तळत होती. बाहेर मामा-भाची हसत होते. ती बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती, म्हणजे मन हलकं झालं होतं, पण माझ्याकडे पाठ होती. मी स्वयंपाकघरात गेलो, रिकामा डबा ओट्यावर ठेवला आणि जे बोलायला हवं होतं ते एका शब्दात बोललो.

"नजमा, माफी."

तिने तव्यावरचा तुकडा उलटला. वळून माझ्याकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं की नव्हतं, तेलाच्या धुरात नीट दिसलं नाही.

"माफी," ती म्हणाली.

ती मराठीत बोलली की अरबीत, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.